पडद्यावरचे ट्रान्समॅन: मारले जातात, नाहीतर पकडले जातात

घाटवाट

ट्रान्स व्यक्ती असलेला सिनेमा किंवा मालिका आठवा म्हटलं की चाळिशीपुढच्या लोकांना 'सडक'मधली सदाशिव अमरापूरकरांची महाराणी आठवते आणि तरुणांना 'ताली'मधली सुश्मिता सेन. मधे 'तमन्ना' येतो, 'पाताल लोक'मधली चिनी येते, 'चंदीगढ करे आशिकी' येतो. चांगलं कुठलं, वाईट कुठलं हे बाजूला ठेवू. जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या माणसांच्याच या सगळ्या गोष्टी आहेत. आता उलट बाजूचा एक पुरुष सांगा.

मी ट्रान्समॅन आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेला पुरुष. भटकंतीच्या धाग्यांवर काही जण मला ओळखतात. तिथे हा विषय कधी निघाला नाही, निघायचं कारणही नव्हतं. पण या विषयावरचं जे सापडेल ते मी बघत आलोय आणि मला दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली: तो मरतो. 'बॉइज डोन्ट क्राय' (१९९९) ही नेब्रास्कातल्या ब्रँडन टीनाची खरी कहाणी. ३१ डिसेंबर १९९३ ला त्याचा खून झाला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. हिलरी स्वँकला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं. कॅनडातल्या 'डिग्रासी' या शाळकरी मालिकेत २०१० मध्ये अ‍ॅडम टोरेस हा ट्रान्स मुलगा आला. त्याच्यावरच्या भागांना पीबडी पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये गाडी चालवताना मेसेज करत होता म्हणून त्याला अपघातात मारलं. एवढ्या मुलांच्या शाळेत तो धडा द्यायला त्याचाच जीव का घेतला, हे मला आजही पटत नाही.

दुसरी: तो पकडला जातो. 'दिल बोले हडिप्पा'मध्ये राणी मुखर्जी क्रिकेट खेळण्यासाठी वीर होते. ती ट्रान्स नाही, वेषांतर आहे, मान्य. पण आपल्या प्रेक्षकाला सवय याच कथेची आहे. पुरुषाच्या कपड्यांत बाई लपलेली असते आणि शेवटी ती सापडली की सगळ्यांना हायसं वाटतं. माझ्यासारख्याकडे बघताना लोक हीच कथा मनात धरून बघतात. हा कधी उघडा पडणार, याची वाट बघतात.

तर प्रश्न असा: कुठल्याही भाषेतला सिनेमा, मालिका, नाटक, पुस्तक सांगा, ज्यात ट्रान्समॅन आहे आणि त्याचं उघडं पडणं हा कथेचा कळस नाही. आणि मराठीत असं पात्र आलं तर तुम्हाला काय बघायला आवडेल?

रेवती_डोंबिवली

'द अम्ब्रेला अकॅडमी'! तिसरा सीझन, २०२२. त्यातल्या इलियट पेज या नटाने डिसेंबर २०२० मध्ये आपण ट्रान्स असल्याचं जाहीर केलं तेव्हा दोन सीझन होऊन गेले होते. मग त्याचं पात्रच व्हिक्टर झालं. केस कापून येतो, भावंडांना सांगतो, ती म्हणतात बरं, आणि सगळे परत जग वाचवायच्या कामाला लागतात. आमच्याकडे कोणी भांग बदलला तरी यापेक्षा जास्त चर्चा होते :)

झणझणीत

+१. जगबुडी दारात असली की नातेवाईकांना नको ते प्रश्न सुचत नाहीत.

शशांक१९७२

विषय चांगला आहे, पण थोडं उलट बोलतो. ब्रँडनचा खून झाला हे सत्य आहे. सत्यकथेवर सिनेमा काढणाऱ्याने त्याला जिवंत ठेवायचं का? त्या सिनेमामुळेच कितीतरी लोकांना ही हिंसा पहिल्यांदा कळली.

दुसरं म्हणजे सिनेमा हा धंदा आहे. प्रेक्षकाला ज्या माणसाची ओळखच नाही, त्याची ओळख धक्का देऊनच करून द्यावी लागते. 'ट्रान्समॅन सकाळी उठला, डबा घेऊन कामाला गेला' असं दाखवलंत तर बघणार कोण?

घाटवाट

शशांकजी, ब्रँडनला जिवंत ठेवा असं मी म्हणत नाही. सत्यातलं काय निवडलं ते बघा. त्या घरात त्या रात्री तिघांचा खून झाला. ब्रँडन, लिसा लॅम्बर्ट आणि फिलिप डिव्हाइन नावाचा कृष्णवर्णीय तरुण. सिनेमात फिलिप नाहीच. त्याआधी ब्रँडनने बलात्काराची तक्रार दिली होती आणि शेरीफने आरोपींना अटक करायच्या ऐवजी त्यालाच नको ते प्रश्न विचारले होते. तो जबाब सिनेमात आहे, पण बघणाऱ्याच्या लक्षात राहतो तो बाथरूममधला प्रसंग, जिथे त्याची पँट ओढून काढतात. पोलिसांनी काय केलं नाही यापेक्षा त्याच्या कपड्यांखाली काय आहे याला जास्त वजन मिळालं. माझी तक्रार ती आहे.

डब्याचं म्हणाल तर मराठी प्रेक्षक डबे भरणाऱ्या घरांच्या मालिका वर्षानुवर्षं प्रेमाने बघतो. त्यातला एक डबा ट्रान्समॅनचा असला म्हणून मालिका पडेल असं मला वाटत नाही.

नाट्यवेडा

मराठीपुरतं बोलतो. पुरुषाने बाई होणं ही आपल्याकडे शंभर वर्षांची कौतुकाची गोष्ट आहे. बालगंधर्वांची साडी, त्यांचे दागिने यांचं अनुकरण घरंदाज बायका करत हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. 'बनवाबनवी'तली लक्ष्याची पार्वती आणि सचिनची सुधा तर घराघरात तोंडपाठ. 'जोगवा'मधला जोगत्या आहे. आणि रवी जाधव यांचं काम ओळीने बघा: 'नटरंग', मग २०११ चा 'बालगंधर्व', मग २०२३ मध्ये 'ताली'. नाच्या म्हणजे ट्रान्सवुमन नव्हे आणि बालगंधर्वही नव्हेत, तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. पण प्रेक्षकाची नजर एकाच दिशेला तयार होत गेली.

उलट दिशेला काय? फक्त स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, त्यांत बायका पुरुषपात्रं करत. त्यांतली किती नावं आपल्याला येतात? अमोल पालेकरांच्या 'दायरा'त (१९९६) निर्मल पांडे बाईच्या वेषात आहे आणि सोनाली कुलकर्णीची नायिका बलात्कारानंतर पुरुषाच्या वेषात वावरते. गाजला तो निर्मल पांडे, त्याला फ्रान्समधल्या एका महोत्सवात अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं. सोनालीच्या पात्राला पुरुषी कपडे येतात ते जिवाच्या भीतीने. कुणाला मुळातच पुरुष म्हणून जगायचं असू शकतं, हे तिथेही नाही.

आणि तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' (१९८१). रोहिणी हट्टंगडींनी केलेली मित्रा कॉलेजच्या नाटकात पुरुषाचं काम करते आणि नमाच्या प्रेमात पडते. आज वाचताना मला ती ट्रान्समॅन वाटते. जाणकारांनी मत द्यावं.

सुलभाताई

नाट्यवेडा, मी ते नाटक तेव्हा पाहिलंय आणि माझं मत अगदी पक्कं आहे. मित्रा ही बाईवर प्रेम करणारी बाई आहे. मराठी रंगभूमीवर इतक्या उघडपणे उभी राहिलेली अशी दुसरी नायिका चटकन आठवत नाही, आणि तिलाही तुम्ही पुरुषांच्या रांगेत नेऊन बसवणार? चालण्यात ऐट आहे, बोलण्यात रग आहे म्हणून पुरुष? आमच्या वेळी सायकल दामटणाऱ्या, केस कापणाऱ्या प्रत्येक मुलीला लोक पुरुषी म्हणायचे. त्यातल्या बहुतेक जणी बायकाच होत्या आणि आहेत.

मुक्ता_के

सुलभाताई, तुमचं म्हणणं मला जवळचं आहे. मी लेस्बियन आहे आणि हे नाटक वाचून ढसाढसा रडले होते. पण माझ्या एका ट्रान्समॅन मित्राचंही ते वाचून अगदी तेच झालं होतं. एकाच पात्रावर आम्हा दोघांना हक्क सांगावा लागतो, कारण दुसरं पात्रच नाही. दहा असती तर कोण भांडलं असतं?

मला जास्त सलतो तो मित्राचा शेवट. आत्महत्या. घाटवाट यांच्या पहिल्या प्रकारात तीही आलीच.

घाटवाट

मुक्ता, नेमकं बोललात. सुलभाताई, मित्रा तुमचीच राहू दे. मला कोणाची नायिका पळवायची नाही. मला स्वतःचं नाव-गाव असलेलं पात्र हवंय.

पाटीपेन्सिल

सगळे सिनेमाच्या मागे आहेत, महाभारत राहिलं की!

उद्योगपर्वातलं अंबोपाख्यान काढून वाचा. द्रुपदाला मुलगी होते, पण ती पुढे पुरुष होईल असा शंकराचा वर असल्याने तिला मुलगा म्हणूनच वाढवतात. शिखंडी द्रोणांकडे अस्त्रविद्या शिकतो. दशार्ण देशाच्या हिरण्यवर्म्याच्या मुलीशी त्याचं लग्न होतं. तिला कळतं, सासरा सैन्य घेऊन निघतो. शिखंडी जीव द्यायला रानात जातो, तिथे स्थूणाकर्ण यक्ष त्याला आपलं पुरुषत्व देतो. द्यायचं ठरलेलं असतं थोड्या काळापुरतं, पण कुबेराच्या शापामुळे ते शिखंडी जिवंत असेतो त्याच्याकडेच राहतं. म्हणजे कुरुक्षेत्रावर तो पुरुष आहे, रथी आहे, शेवटपर्यंत लढतो आणि अश्वत्थाम्याच्या त्या रात्रीच्या कत्तलीत मारला जातो. त्याला आधीची स्त्रीच समजतात ते भीष्म.

आता पडदा बघा. बी. आर. चोप्रांच्या मालिकेत शिखंडी झाले पेंटल, विनोदी भूमिकांसाठी माहीत असलेले नट. २०१३ च्या मालिकेत शिखा सिंग ही अभिनेत्री. दोन्हीकडे कामं मन लावून केलेली आहेत, पण तरणाबांड योद्धा काही दिसला नाही. आणि बोलण्यात तर शिखंडी म्हणजे भित्र्या माणसाला द्यायची शिवी. पुढारी एकमेकांना सभेत देतात. वर्गात मुलं विचारतात, "सर, शिखंडी म्हणजे तसला ना?" मी त्यांना स्थूणाकर्णापर्यंतची गोष्ट पूर्ण सांगतो. पुढचा प्रश्न हमखास यक्षाचं पुढे काय झालं हा असतो, शिखंडीबद्दल कोणी काही विचारत नाही. मुलांना पटलेलं असतं.

घाटवाट

सर, हा प्रतिसाद मी जपून ठेवतोय. भीष्मांच्या मताचे नातेवाईक आमच्याकडेही आहेत. दाढी कितीही वाढली तरी त्यांना आधीचंच दिसतं.

झणझणीत

अवांतर: 'जय श्री कृष्णा'मध्ये बाळकृष्ण झालेली धृती भाटिया मुलगीच होती. गावोगावच्या आज्या टीव्हीसमोर हात जोडून बसायच्या. देवाला चालतं, मग माणसाला का नाही?

न्यूजर्सीकर

मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. '९-१-१: लोन स्टार', २०२० ते २०२५. टेक्सासमधल्या ऑस्टिनचं एक फायर स्टेशन. त्यातला पॉल स्ट्रिकलंड ट्रान्स आहे आणि ती भूमिका करणारा ब्रायन मायकल स्मिथ स्वतः ट्रान्समॅन आहे. पॉलची खासियत म्हणजे त्याची नजर. समोरच्याला एकदा न्याहाळून त्याच्याबद्दल चार गोष्टी बरोब्बर सांगतो. स्टेशनात त्याची ओळख ती आहे. ट्रान्स असल्याचा विषय सुरुवातीलाच येतो, मग आगी, अपघात, वादळं सुरू.

याचं दुसरं टोक म्हणजे 'द एल वर्ड' या मालिकेतला ट्रान्समॅन मॅक्स, २००६ चा. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) सुरू केल्यावर त्याला चिडका आणि आक्रमक दाखवला. मालिका संपली तेव्हा तो गरोदर होता, जोडीदाराने सोडला होता आणि मित्रमंडळींत एकटा पडला होता. ते इतकं लोकांच्या मनात राहिलं की २०२२ मध्ये नव्या आवृत्तीत त्याला परत बोलावून सुखी संसारात दाखवलं. पण मधल्या सोळा वर्षांत कितीतरी मुलांनी जुना मॅक्सच बघितला.

घाटवाट

त्या मॅक्समुळे पसरलेली समजूत माझ्या आईपर्यंत पोचली होती, तिने मालिका बघितली नसूनही. इंजेक्शनं सुरू करायच्या आधी तिची पहिली भीती हीच, की मी रागीट होईन, अंगावर जाईन. प्रत्यक्षात आवाज फुटला, पुरळ आलं, भूक प्रचंड वाढली. राग होता तेवढाच राहिला. हे आवाज फुटणं, घोगरं होऊन फोनवर ओळख न पटणं, यात केवढं नाट्य आहे! ते कोणी लिहीत नाही.

वेताळटेकडी

भूमिका कोणी करायची याबद्दल बोलायला हवं. २०१८ मध्ये स्कार्लेट जोहान्सनने 'रब अँड टग'मध्ये ट्रान्समॅनची भूमिका घेतली, टीका झाल्यावर सोडली. तो सिनेमा काही पडद्यावर आला नाही. यात कोणाचा फायदा झाला?

अनुप सिंग यांचा 'किस्सा' आठवा. फाळणीत उद्ध्वस्त झालेला बाप (इरफान) चौथ्या मुलीला मुलगा म्हणून वाढवतो, तिचं एका मुलीशी लग्न लावतो. तिलोत्तमा शोमने कंवर इतका खरा केलाय की दोन दिवस डोक्यातून जात नाही. दुसऱ्याच्या अंगात शिरणं हाच तर अभिनय.

घाटवाट

'किस्सा' मलाही आवडतो, पण ती बापाच्या हट्टाची गोष्ट आहे. कंवरला कोणी विचारतच नाही. माझं उलट झालं, मला मुलगा म्हणून कोणी वाढवलं नव्हतं.

अभिनेत्रीने ट्रान्समॅन केला की सिनेमा संपल्यावर ती लांब केस, गाऊन अशी पुरस्कार घ्यायला येते. बघणाऱ्याच्या मनात तेच पक्कं होतं: बघा, आत बाईच होती. 'डिस्क्लोजर' (२०२०) या माहितीपटात पुरुष नटांनी केलेल्या ट्रान्स स्त्रियांच्या भूमिकांबद्दल हाच मुद्दा आहे. अभिनयाला माझा विरोध नाही. ब्रायन मायकल स्मिथला मात्र कोणी गाऊनमध्ये बघणार नाही, आणि त्याने फरक पडतो.

कॅमेरामागे

पडद्यावरचं चाललंय तर पडद्यामागचं सांगतो. सत्य राय नागपॉल हे छायाचित्रकार ट्रान्समॅन आहेत. 'अन्हे घोडे दा दान' या पंजाबी चित्रपटासाठी त्यांना छायाचित्रणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. 'संपूर्णा' हे ट्रान्स आणि इंटरसेक्स भारतीयांचं नेटवर्क त्यांनी उभं केलं. आणि 'अलीगढ' त्यांनी चित्रित केलाय. अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवणाऱ्या प्रा. सिरस यांची ती गोष्ट. खोलीत एकटे बसून लताबाईंचं गाणं ऐकणारे सिरस किती आदराने टिपलेत, पुन्हा बघा. लोकांनी खोलीत घुसून ज्याची बदनामी केली त्या माणसाला कॅमेरा पुन्हा उघडा पाडत नाही.

गोदाकाठ

बातम्यांबद्दल कोणी बोललं नाही. मी वृत्तपत्रात होतो. २०१७-१८ मध्ये बीड जिल्ह्यातल्या एका पोलीस शिपायाची बातमी महिनोन्‌महिने चालली. जुनं नाव मथळ्यात, जुना फोटो आणि नवा फोटो शेजारीशेजारी. वैद्यकीय तपशील असे छापले की जणू तो माणूस ते वाचणारच नाही. केरळात फेब्रुवारी २०२३ मध्ये एका ट्रान्समॅनला बाळ झालं, ते पोटाचे फोटो सगळ्यांना आठवतात. त्याच केरळातला अ‍ॅडम हॅरी वैमानिक व्हायला झगडत होता आणि विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२२ मध्ये ट्रान्स उमेदवारांच्या वैद्यकीय तपासणीसाठी सूचना काढल्या, हे इथे किती जणांना आठवतंय?

पुस्तकांचं असंच. 'इनव्हिजिबल मेन' (२०१८) हे भारतीय ट्रान्समॅनवरचं इंग्रजी पुस्तक आलं तेव्हा ट्रान्स समाजातूनच जोरदार टीका झाली. त्यापेक्षा ए. रेवती यांचं 'अ लाइफ इन ट्रान्स अ‍ॅक्टिव्हिझम' वाचा. स्वतः ट्रान्सवुमन असून त्यांनी त्यात ट्रान्समॅनना त्यांच्या तोंडून बोलू दिलंय.

चिंचवडचे_बाबा

पहिल्यांदाच लिहितोय. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. त्याने आम्हाला सांगितलं, आम्ही दोघांनी वेळ घेतला, आता ठीक आहोत. घरात माझी आई आहे, वय ७८. तिला समजवायला मोबाइलवर काही शोधायला गेलो तर आधी ऑपरेशनचे व्हिडिओ आले, मग खुनाची बातमी. तिला वाटलं नातू मरणार. रात्रभर झोपली नाही.

त्यामुळे धाग्याचा मुद्दा मला पुरेपूर पटतो. पण मला थोर सिनेमा नको. आईला शेजारी बसवून दाखवता येईल असं काही सांगा.

घाटवाट

काका, आधी तुम्हाला आणि काकूंना नमस्कार. मुलाला माझा निरोप द्या, कधीही लिहू दे.

'बॉइज डोन्ट क्राय' घरात लावू नका, निदान आत्ता नको. 'लोन स्टार'पासून सुरुवात करा. आगीचा बंब आहे, सुटका आहे, आजींना भाषा अडली तरी गोष्ट कळेल. आणि पाटीपेन्सिल सरांनी लिहिलेली शिखंडीची गोष्ट त्यांना वाचून दाखवा, यक्षासकट. ती त्यांच्या ओळखीच्या जगातली आहे.

रेवती_डोंबिवली

मराठीत काय बघायला आवडेल याचं उत्तर कोणीच दिलं नाही, मी देते. लग्नघर. मोठ्या बहिणीचं लग्न. गुरुजी हाक मारतात, कानपिळीला नवरीचा भाऊ कुठाय? आणि तो पुढे होऊन भावोजींचा कान पिळतो. सगळे हसतात, त्याला पोशाख मिळतो, पुढचा विधी सुरू. पात्राबद्दल एवढंच. बाकी मालिका सासू-सुनांची चालू दे.

घाटवाट

माझ्या ताईच्या लग्नात कानपिळीला चुलतभावाला बसवलं होतं. रेवती, तुम्ही हा प्रसंग लिहाच.

शशांक१९७२

धक्क्याशिवाय प्रेक्षक येत नाही या मतावर मी अजून आहे. पण हा कानपिळीचा प्रसंग मी तिकीट काढून बघेन. फक्त भावोजींच्या कामाला चांगला नट घ्या, कान लाल झालेला दिसला पाहिजे.

सुलभाताई

आणि हळदीला त्याच्या आत्यांना जरा बोलू द्या. सगळं गोडच दाखवलंत तर खोटं वाटेल. एक आत्या वाकड्यात शिरणारी हवीच, आणि तिला गप्प करणारी आजीही.

चिंचवडचे_बाबा

'लोन स्टार'चे तीन भाग बघून झाले. मी मराठीत सांगत होतो, नातू चुका काढत होता. पॉल ट्रान्स आहे हे सांगितल्यावर आईने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. तिचा प्रश्न मात्र वेगळाच होता. एवढा कामाचा मुलगा, पगारही असेल, याचं लग्न का नाही जमवलं कोणी? चौथा भाग आज रात्री बघायचा हे तिनेच ठरवलंय.